मोबाईल कन्नड वाचून दाखवतो, मग मराठी कागदाची मागणी सोडायची का?

उचगावकर

पुतण्या परवा म्हणाला, "काका, कॅमेरा धरला की कन्नडचं मराठी होतंय. मराठीत सरकारी कागद द्या म्हणून अजून किती वर्षं अर्ज करणार?" त्याचं बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून इथे मांडतो.

आजोबांच्या वेळचा आमच्या जमिनीचा उतारा मराठीत आहे. १९५६ ला आमचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, त्यानंतर कागदांची भाषा बदलत गेली. तरी हाताने लिहिणारा तलाठी समोर असायचा, त्याला विचारता यायचं. २००० च्या आसपास कर्नाटक सरकारची 'भूमी' योजना आली, राज्यभरातले सुमारे २ कोटी उतारे संगणकात गेले आणि हातचा उतारा बाद झाला. तलाठ्याची मनमानी कमी झाली, हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो. पण संगणकातून जे बाहेर पडतं ते फक्त कन्नडमध्ये.

वडील वारल्यावर वारसा नोंदीची नोटीस आली. वर 'पौती खाते' लिहिलेलं. मोबाईलने त्याचं केलं 'पावती खाते'. आम्ही दोन दिवस शेतसाऱ्याच्या पावत्या धुंडाळत बसलो. पौती म्हणजे आपलं जुनं 'फौती', मयताची नोंद! शेवटी शेजारची कन्नड शाळेत जाणारी पोरगी वाचून म्हणाली, "काका, यात आत्याचं नावच नाही." हरकत घ्यायला चार दिवस उरले होते. बहिणीचा हिस्सा त्या पोरीमुळे वाचला.

म्हणून माझं मत सांगतो. मोबाईल अंदाज देतो. जमिनीच्या कागदाला अंदाज चालत नाही.

टिळकवाडीहून

काका, तुमच्या बहिणीचं नाव राहिलं असतं तर फार वाईट झालं असतं. तरी मी पुतण्याच्या बाजूचा.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. माझा जन्म त्याच्या थोडा आधीचा, आता मी नोकरीला लागलो. तहान आज लागली आहे, ती विहीर कधी खणून व्हायची? माझी आई औषधाच्या चिठ्ठीपासून वीजबिलापर्यंत सगळं मोबाईल धरून वाचते. पाच वर्षांपूर्वी प्रत्येक कागदासाठी ती माझी वाट बघायची. तो स्वाभिमान तिला कुठल्या मोर्चाने दिला नाही, मोबाईलने दिला.

'पौती' चुकलं ही चूक दुरुस्त होणारी आहे. महसुलाचे शेदोनशे शब्द जमवून कुणीतरी नीट कोश केला तर हेच यंत्र बरोबर सांगेल.

निपाणीचे मास्तर (निवृत्त)

कोश जरूर व्हावा. आपल्या आणि कन्नड महसुलाचे बरेच शब्द एकाच फारसी-मुंबई इलाख्याच्या घरातले आहेत. उताऱ्यावरचा 'आकार' म्हणजे सारा, आणि यंत्र त्याला शेताचा आकार समजतं. क्षेत्र २.१५ म्हणजे दोन एकर पंधरा गुंठे. ४० गुंठ्यांचा एकर हे ज्याला ठाऊक नाही तो सव्वादोनच्या आतलं समजून बसतो, आणि प्रत्यक्षात ते सव्वादोनच्या वर आहे.

पण मुद्दा शब्दांपुरता नाही. राज्यघटनेचं ३५० वं कलम सांगतं की गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. ३५० अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणतं. ही सोय कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. उद्या काउंटरवरचा माणूस म्हणाला, "तुमच्या मोबाईलमध्ये बघा की," तर त्याच्यावरची जबाबदारी उतरून ती तुमच्या खिशात आली. भाषांतर चुकलं तर दाद कुणाकडे मागणार? त्या पडद्याखाली कुणाची सही नसते.

येळ्ळूरचा

कन्नड शिकून घ्या की. मी बाजारात भात विकता विकता शिकलो, दीड वर्ष लागलं. भाषा शिकल्यानं मराठीपण कमी होत नाही.

जांबोटी खोऱ्यातली

दादा, शिकणं पुरुषांना बाजारात जमतंय. आमच्या बचत गटातल्या बायका रानातून घरी, घरातून रानात.

तुम्ही सगळे धरून चालालाय की मोबाईल हातात हाय. कणकुंबीकडच्या वाड्यांत पावसाळ्यात रेंज गेली की चार-चार दिवस येत नाही. घरातला चांगला फोन पोरगा गोव्याला घेऊन गेलेला असतो. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० जमा झाले काय नाहीत, हा मेसेज त्याच्याकडे वाजतो. मग बाई पासबुक घेऊन कुणाच्या तरी दुकानात जाते, तो सांगेल तिथे अंगठा लावते. आमच्यातल्या एकीचे दोन हप्ते असेच गेले. कुणाला सांगायचीही तिला लाज वाटली, सहा महिने गप्प राहिली बिचारी.

आणि मास्तर, राग मानू नका. कागद मराठीत आला तरी माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांना अक्षर येत नाही, कान शाबूत हायत. फोन मराठीत बोलून दाखवतो तेव्हा त्या दोनदा ऐकतात, तिसऱ्यांदा प्रश्न विचारतात. मला दोन्ही पाहिजे. कागद पण, आवाज पण.

सेंटरवाला, शहापूर

सेवा केंद्रात दिवसभर लोकांचे अर्जच भरून देतो, म्हणून सांगतो. वाचण्यापेक्षा मोठं दुखणं नावाचं आहे.

शाळेच्या दाखल्यावर 'काळे'. आधारला इंग्रजी स्पेलिंग. त्या स्पेलिंगवरून यंत्र कन्नड करतं तेव्हा होतं 'काले'. साठ्यांचे 'साथे' होतात. मराठीत ळ आहे, कन्नडमध्येही ळ आहे, ठ दोन्हीकडे आहे. सरळ मराठीतून कन्नडमध्ये नाव नेलं तर एक अक्षर हलणार नाही. मध्ये इंग्रजी आली की ळ गळून पडतो. मग उतारा आणि आधार जुळवताना नावं वेगळी दिसतात आणि माणूस प्रतिज्ञापत्रासाठी वकिलाकडे पळतो. गेल्या महिन्यात एका आजोबांना स्वतःच्या नावासाठी तीन खेपा झाल्या.

अर्जात नावाचा एक रकाना देवनागरीत भरायला द्या, एवढी मागणी घेऊन आपण का जात नाही? कन्नड अधिकाऱ्यालाही ती पटेल, कारण उद्या त्याचाच ताप कमी होणार आहे.

टिळकवाडीहून

हे मला माहीत नव्हतं. माझ्याच आडनावात ळ आहे आणि माझ्या आधारवर ल. आजवर मी ते चुकीचं मानलंच नव्हतं.

तरी मास्तरांना एक विचारतो. अर्जाचा हक्क ३५० व्या कलमात आहे, पण उत्तर त्याच भाषेत मिळेल असं त्यात कुठे आहे?

निपाणीचे मास्तर (निवृत्त)

त्या कलमात नाही. बरोबर पकडलंत. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक किमान १५ टक्के आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राने राज्यांसह ठरवलेल्या तरतुदींत येतं. अंमलबजावणीसाठी मागे लागावं लागतं, आणि आपण मागे लागणं सोडलं तर ती तरतूद कागदावरच राहील.

उचगावकर

पुतण्याला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणतो शब्दांचा कोश तो करायला घेईल, मात्र जुने शब्द मी सांगायचे. पौती, आकार, खराब, बोजा, एवढे आज लिहून झाले. मराठी कागदाचा अर्ज मी थांबवणार नाही, त्यावर आमचं अजून जमलेलं नाही. देवनागरी रकान्याची मागणी त्यात घालतो.

सेंटरवाले भाऊ, बहिणीचं नाव नव्या उताऱ्यावर आलंय, पण आधारशी जुळतं का ते बघायचं आहे. मंगळवारी दुकान उघडं असतं ना?