केबलच्या बिलातली ही 'पेग फी' काय भानगड आहे?

बॉस्टनची_सून: काल बिल नीट बघितलं तर फ्रँचायझी फी वेगळी आणि खाली पेग फी वेगळी, नवरा म्हणे मी तर एकही घेतला नाही 😄 आम्ही बघतो फक्त क्रिकेट, मग हे कशाचे पैसे? बंद करता येतात का?

वायरवाला: नाही हो ताई, बंद नाही होत. पेग म्हणजे पब्लिक, एज्युकेशनल, गव्हर्नमेंट चॅनल, म्हणजे गावातले लोक, शाळा आणि गावचा कारभार यांच्यासाठीची स्थानिक चॅनल. फ्रँचायझी फी म्हणजे गावच्या रस्त्यांवरून वायर नेतात त्याचं भाडं समजा, अमेरिकेच्या १९८४ च्या केबल कायद्याप्रमाणे गावाला केबल टीव्हीच्या कमाईवर ५ टक्क्यांपर्यंत फ्रँचायझी फी घेता येते आणि कंपनी ती सरळ आपल्या बिलात टाकते. पेग फी त्याच्यावर, पण ती कॅमेरे, स्टुडिओ असल्या सामानासाठी, पगार त्यातून नाही.

मीनामावशी: मी आमच्या गावच्या पेग चॅनलच्या स्टुडिओतच फुकटात कॅमेरा शिकले. मंडळाचा गणपती आमच्या चॅनलवर लागला होता, आरतीची पहिली पाच मिनिटं आवाजच नव्हता कारण माइक मीच चालू केला नव्हता, ते सोडा.

वायरवाला: खरी अडचण पुढे आहे. लोक केबल सोडून स्ट्रीमिंगवर चाललेत, इंटरनेटच्या कमाईवर ही फी नाही, म्हणजे ५ टक्के तेच पण कशाचे ५ टक्के ते दरवर्षी आटतंय.

बॉस्टनची_सून: अरे देवा, आम्ही पुढच्याच महिन्यात केबल काढणार होतो. मावशी, शाळेच्या मीटिंगा पण त्याच चॅनलवर लागतात का?

मीनामावशी: हो, रात्री अकरापर्यंत चालतात, झोप येत नसेल तर बघ.