मदत हवी आहे: पडद्यावरचा प्रकाश 'वाचायला' कसा शिकू?

नमस्कार मंडळी, सत्यजित राय यांचा 'अपराजितो' (१९५६) परवा तिसऱ्यांदा पाहिला. त्यातला बनारसच्या घराचा चौक आठवतोय? वरून झिरपणारा तो मऊ उजेड बघून मी इतकी वर्षं ते खरंखुरं घरच समजत होतो. तो निघाला स्टुडिओतला सेट! छायालेखक सुब्रत मित्र यांनी चौकावर कापड ताणलं आणि दिव्यांचा झोत त्यावर टाकून उजेड खाली परतवला. हे कळल्यावर तो प्रसंग थांबवून थांबवून पाहिला, असा परतवलेला उजेड कडक सावली पाडत नाही, म्हणून भिंतीवर तिची रेघ शोधत बसलो. अक्षरशः काटा आला अंगावर.

'राशोमोन' (१९५०) या जपानी सिनेमात छायालेखक काझुओ मियागावा यांनी जंगलात आरसे लावून ऊन पात्रांवर वळवलं, तेही असंच भन्नाट.

पण हे सगळं मला वाचून कळतं, बघताना नाही. गोष्ट ओढून नेते. आवाज बंद करून पाहिलं, थोडा फरक पडला. तुम्ही कसं बघता? आधी सावल्या, की डोळ्यांतली दिव्याची चमक? आणि ज्यात प्रकाशच अर्धी गोष्ट सांगतो असे सिनेमे सुचवा ना, कृष्णधवल असतील तर फारच छान. कुठला प्रसंग बघू, तेही सांगा.