मदत हवी आहे: चिनी मातीची जुनी भांडी, दोन पोती. रविवारी घर रिकामं करायचंय

शाहूपुरीची
आजीच्या घरातली जुनी क्रॉकरी निघालीय. दोन पोती आणि एक लाकडी पेटी. भंगारवाला बघून गेला, हात लावला नाही. रविवारी संध्याकाळी किल्ली द्यायचीय. कोल्हापुरात कुणी घेतं का? टाकायचं झालं तर कुठं आणि कसं? लवकर सांगा, प्लीज.

रंकाळ्यावरून
काय काय आहे त्यात? धड किती, फुटकं किती? काच वेगळी आहे का? फोटो टाका.

बागवेडा
टाकू नका! पोत्यात घालून वरून हातोडी मारा आणि खापरं कुंड्यांच्या तळाला घाला. वीस वर्षं मी प्रत्येक कुंडीत चार बोटं थर देतोय, पाण्याचा निचरा फर्स्ट क्लास.

रोपवाटिका_बावडा
काका, चार बोटं थरानं निचरा सुधारत नाही. बारीक मातीखाली जाड खडे आले की पाणी त्या सीमेवर अडकतं आणि वरची माती ओली राहते. मुळांची जागा कमी होते ती वेगळीच. भोकावर एकच वाकडं खापर ठेवा, माती वाहून जात नाही. बास.

बागवेडा
माझा मोगरा येऊन बघा, मग बोला.

पेठेतले काका
जुनी भांडी मोडीत घालू नयेत. कल्हई करून घ्या. भांडं तापवायचं, नवसागर मारायचा, कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्यानं पुसून घ्यायचं. आतून चांदीसारखं निघतं. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट ठेवू नका, कळकतं.

शाहूपुरीची
काका, पितळ नाही हो. पितळ मामांनी नेलं. चिनी माती आहे: कपबशा असतील चाळीसेक, डिनर प्लेटा, एक केटली, तीन बरण्या. काही धड आहेत, काहींचे कान गेलेत, काहींना तडे. काचेचे ग्लासही आहेत थोडे.

दोन_ट्यूबवाला
कान तुटला म्हणून कप कोण टाकतं? अॅरल्डाइट आणा. दोन्ही ट्यूब सारख्या घ्या, काडीनं कालवा. तुटलेली कड आधी स्पिरिटनं पुसा. चिकटवून रबरबँड लावा आणि २४ तास हात लावू नका. फेविक्विक लावू नका, कड हुबेहूब जुळली नाही तर पकडत नाही. माझा एक कप बारा वर्षं चालू आहे.

लॅबवाली
त्या कपात गरम चहा पिता का? साधा अॅरल्डाइट अन्नासाठी नाही. चिकटवलेला कप पेन ठेवायला घ्या, चहाला नको. सोनेरी पावडर घालून सांध्याची रेघ चमकवायची पद्धत हल्ली सगळे करतात, तिलाही हेच लागू. मूळ जपानी कामात झाडाच्या चिकाचं लाखेसारखं रोगण असतं, बाजारातल्या किटमध्ये बहुतेक इपॉक्सीच, म्हणजे अॅरल्डाइटसारखाच गोंद.

दोन_ट्यूबवाला
बारा वर्षांत काही झालं नाही मला.

निपाणीकर
फुटकं भांडं घरात ठेवू नये म्हणतात. आजीचं आहे, तर पंचगंगेत सोडून द्या. घाटावर जाऊन हात जोडा.

रंकाळ्यावरून
अजिबात नको! घाटावर पोरं पोहतात, लोक म्हशी धुवायला उतरतात. चिनी मातीची कड पात्यासारखी असते. हात जोडायचे तर घरातच जोडा.

शाहूपुरीची
नदीत सोडणार नाही. शाहूपुरीतच कुंभार गल्ली आहे, तिथं दिलं तर परत माती करून वापरतील का?

चाकावरचा
आमचं घरच त्यातलं, म्हणून सांगतो. माती एकदा भाजली की पाण्यात भिजवून परत माती होत नाही. भट्टीत तिच्या अंगातलंच पाणी उडून जातं, ते परत भरता येत नाही. आमची मडकी हजाराच्या आतबाहेर अंशांवर भाजतात, चिनी माती बाराशे आणि वर. गणपतीच्या मातीत तर तिचा खडासुद्धा चालत नाही, बोटं कापतात. दारात आणून ठेवू नका ताई, आम्हालाच टाकावं लागेल.
आणि काचेच्या बाटल्यांत मिसळू नका. काचेच्या भट्टीत चिनी मातीचा तुकडा विरघळत नाही, खडा तसाच राहतो आणि नवी बाटली तिथंच तडकते. भंगारवाला नको म्हणाला ते बरोबर आहे.

गच्चीवाला
पांढऱ्या प्लेटा मला द्या. आमच्या गच्चीवर चायना मोझॅक चालू आहे. विटांच्या कोब्यावर सिमेंटात पांढरे तुकडे बसवतात, ऊन परतवतात, खालची खोली उन्हाळ्यात गार राहते. गवंड्याला सपाट तुकडे लागतात. प्लेटांचे मधले भाग चालतील. कपाचे गोल तुकडे बसत नाहीत, कड वर राहते आणि पायाला लागते. शनिवारी पाचला टेम्पो घेऊन येतो, चालेल?

बागवेडा
चंदीगडचं रॉक गार्डन बघितलंय का कुणी? फुटक्या कपबशा आणि बांगड्यांच्या पुतळ्यांच्या रांगाच रांगा. नेकचंद यांनी आधी कुणाला न सांगता उभं केलं होतं, १९७६ ला लोकांसाठी उघडलं. आपल्या रंकाळ्यावर असं काही का होऊ नये?

रंकाळ्यावरून
काका, बाईंना परवा किल्ली द्यायचीय.

लॅबवाली
ताई, एक विचारू? पेटी कुठं ठेवलेली होती? आत वास येतोय का?

शाहूपुरीची
पहिल्यापासून खालच्या खोलीतच होती. हो, वास येतोय, ओलसर. २०१९ ला ती खोली छतापर्यंत पाण्याखाली होती, २०२१ ला परत. तेव्हा पेटी उघडलीच नाही कुणी. पहिल्या पुरानंतर आजी वरच्या मजल्यावर राहायला गेली ती खाली उतरलीच नाही. हे सांगायला हवं होतं का?

लॅबवाली
हो ताई, हेच महत्त्वाचं होतं. पुराच्या पाण्यात गटार, रॉकेल, डिझेल, मेलेली जनावरं, सगळं येतं. तडा गेलेलं, टवका उडालेलं, झिलईला, म्हणजे वरच्या चकचकीत थराला, बारीक जाळी पडलेलं जे असेल त्याच्या पोटात ते पाणी शिरलंय. ते घासून निघत नाही. त्यात खायचं-प्यायचं नाही, कुणाला वापरायलाही द्यायचं नाही.
झिलई अखंड असलेलं वाचतं. गरम पाणी, साबण, मग ४ लिटर पाण्यात एक मोठा चमचा साधं ब्लीच घालून काही मिनिटं बुडवा, परत धुवा, वाऱ्यावर सुकवा. ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो.
आतून लाल, पिवळा, केशरी रंग असलेल्या जुन्या भांड्यांत आंबट ठेवू नका. जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि चिंच, दही, लोणच्यात ते उतरतं. घरी तपासायच्या पट्ट्यांवर विसंबू नका.

चाकावरचा
आमच्या गल्लीतही पाणी आलं होतं. कच्च्या मूर्ती होत्या, दोन तासांत चिखल. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फूट झालं की आम्ही सामान वर चढवायला लागतो. त्या वर्षी वर चढवायला जागाच उरली नाही.

शाहूपुरीची
माफ करा, मी घाईत होते. आज दुपारी पेटी पूर्ण उपसली. लॅबवाली म्हणतात त्याप्रमाणे वेगळं केलं. चौदा कप आणि अकरा बशा धड निघाल्या, धुऊन गच्चीवर वाळत घातल्यात.
तळाला मोठी बरणी होती, खाली पांढरी, वर तपकिरी. लोणच्याची. तोंडावरचा फडका, दादरा, तसाच बांधलेला, सुतळीची गाठ आजीचीच. ती नेहमी दोन वेढे उलटे घ्यायची. मला गाठ सोडवेना, शेवटी कात्रीनं कापली. आत काही नव्हतं, गाळ होता बोटभर. बरणी बाहेरून धड दिसते. ही ठेवता येईल का? ही एकच हवीय मला.

चाकावरचा
रिकामी करून पूर्ण वाळवा. मग बोटाच्या पेरानं वाजवा, वरच्या काठावर आणि पोटावर. खणखणीत वाजली तर धड. बद्द वाजली तर आत चीर आहे, दिसो न दिसो.

शाहूपुरीची
काठावर खणखणीत. पोटावर एका जागी बद्द. तिथं बाहेरून पांढरी पूड आहे, पुसली की जाते.

चाकावरचा
चाटून बघू नका हां, पुरातली आहे. ते मीठ असणार. वर्षानुवर्षं लोणचं होतं ना, मीठ चिरेतून बाहेर झिरपतं आणि अंगावर फुटतं. म्हणजे चीर पुराच्या आधीची आहे ताई. आजींना माहीत असणार, म्हणूनच रिकामी ठेवली असेल.

शाहूपुरीची
शेवटच्या दोन वर्षी तिनं लोणचं काचेच्या बरणीत घातलं होतं. आम्ही विचारलं तर म्हणाली, आता मोठी उचलवत नाही.

रंकाळ्यावरून
ठेवा ताई ती. लोणचं नाही घातलं तरी चालतं.

शाहूपुरीची
ठेवतेय. गाळ काढला, धुतली, उन्हात उलटी ठेवलीय. दादराही धुतला.
गच्चीवाला, शनिवारी पाचला या, प्लेटा खोक्यात भरून ठेवते. पुरातल्या आहेत, गवंड्याला हातमोजे घालायला सांगा. बाकी फुटकं वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या पोत्यात भरतेय, वर मोठ्या अक्षरात "फुटकी चिनी माती" लिहून, म्हणजे उचलणाऱ्याचा हात कापणार नाही.

लॅबवाली
जाड कागद घ्या आणि पोतं निम्मंच भरा. भरलेलं पोतं उचलताना कड बाहेर येते.

शाहूपुरीची
बरं, मग दोनाची तीन पोती करते. केटली धड आहे, फक्त झाकण गेलंय. तोंड साडेतीन इंच. कुणाकडं सुटं पांढरं झाकण पडलं असेल तर सांगा, रविवारनंतर मी राजारामपुरीत आहे.