तपकिरी पट्ट्याच्या मुलांना शिकवायला कसं तयार करायचं?

प्रश्न (जळगाव): कराटे वर्गात १४-१५ वर्षांची चार मुलं तपकिरी पट्ट्यावर (काळ्याच्या आधीचा) आहेत. काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) चोख, पण लहानांसमोर उभं केलं की नुसती ओरडतात. सुरुवात कुठून करू?

उत्तर (धुळे): भाऊ, आधी फक्त वॉर्मअप द्या, १० मिनिटं. महिन्याभराने पांढऱ्या पट्ट्याची (नवशिकी) ४ पोरं आणि एकच तंत्र. माए-गेरीत (समोर मारायची लाथ) लहान मुलं गुडघा वर न घेताच पाय फेकतात. तेवढंच बघायचं, मूठ-नजर सध्या सोडायची. एकदम तीन चुका सांगितल्या की पोर गोंधळतं, शिकवणारा चिडतो. ओरडणं तिथूनच येतं.

उत्तर (नंदुरबार): अगदी बरोबर. कुमिते (जोडीदाराशी लढतीचा सराव) मात्र त्यांच्या भरवशावर नको, मोठा माणूस हवाच. मे महिन्यात वर्ग सकाळी ६ला, दर १५ मिनिटांनी पाणी; पाण्याची वेळ बघायचं काम या मोठ्या मुलांकडेच द्या.