इटलीत एखाद्या कुटुंबाच्या घरी पास्ता शिकायचा आहे : शहर, घर आणि अंड्याचा प्रश्न

ओसरी

नमस्कार. सप्टेंबरच्या अखेरीस मी, नवरा आणि सासूबाई असे तिघे बारा दिवसांसाठी इटलीला जाणार आहोत. मिलान, बोलोन्या, फ्लॉरेन्स आणि रोम असा मार्ग ठरला आहे, मात्र रेल्वेची तिकिटे अजून काढलेली नाहीत, त्यामुळे थोडा बदल करता येईल. संग्रहालये आणि चर्च पाहण्याचा उत्साह तिसऱ्या दिवशी ओसरतो हा आमचा पूर्वानुभव असल्याने एक पूर्ण सकाळ एखाद्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरात घालवावी आणि हाताने पास्ता करायला शिकावे, असे मनात आहे.

अडचण अशी की सासूबाई अंडे खात नाहीत. कांदा-लसूण चालतो. त्यांना इंग्रजी फारसे येत नाही, पण स्वयंपाकात त्यांचा हात धरणारे आमच्या घरी कोणी नाही आणि नुसते बसून पाहणे त्यांना आवडणार नाही. अशा परिस्थितीत हा वर्ग कोणत्या शहरात करावा, आणि ज्याला 'घर' म्हणून दाखवतात ते खरोखर राहते घर आहे की नाही, हे इथून कसे ओळखावे?

निगुती

मी नवऱ्याच्या नोकरीनिमित्त दोन वर्षे बोलोन्यात राहिले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

शहर ठरवण्याआधी पीठ ठरवा. उत्तरेकडे, विशेषतः बोलोन्याच्या परिसरात, घरचा पास्ता म्हणजे मऊ गव्हाचे मैद्यासारखे बारीक पीठ आणि अंडी. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडे हे प्रमाण तिथल्या पोरासोरांनाही पाठ असते, आणि त्या पिठात पाण्याचा थेंबही पडत नाही. दक्षिणेकडे, उदाहरणार्थ पुलिया प्रांतात, ड्युरम नावाच्या कडक गव्हाचा रवाळ आटा आणि कोमट पाणी एवढ्यावरच काम भागते. बारी शहराच्या जुन्या भागात बायका दारात टेबल मांडून ओरेकिएत्ते, म्हणजे कानाच्या आकाराचा छोटा पास्ता, करताना दिसतात, त्यांत अंडे नसते. तेव्हा बोलोन्यातील यजमानीणबाईंना अंडे वगळायला सांगू नका. त्या नाही म्हणणार नाहीत, पण ती विनंती पुरणपोळीतून पुरण वगळा म्हणण्यासारखी होईल आणि जे शिकायला गेलात तेच हातून निसटेल.

तुम्ही दोघे अंडे खात असाल तर मात्र बोलोन्या चुकवू नका. तिथे लाटलेल्या पोळीला 'स्फोल्या' आणि ती लाटणाऱ्या बाईला 'स्फोलीना' म्हणतात. लाटणे आपल्या लाटण्याच्या दुपटीहून लांब, जवळजवळ ऐंशी सेंटिमीटरचे असते आणि लाकडी फळी टेबलाएवढी मोठी असते. आपण पोळी फिरवत फिरवत लाटतो. माझी शेजारीण पोळीची वरची कड लाटण्यावर गुंडाळून घ्यायची, दोन्ही तळवे मधोमध ठेवून ते कडांकडे सरकवत पोळी आडवी ताणायची आणि मग ती झटक्यात उलगडायची. खालची कड फळीवरून बाहेर लोंबत असायची आणि ती पोटाने दाबून धरलेली असायची, म्हणून तिच्या सगळ्या ॲप्रनना एकाच उंचीवर पिठाचा पट्टा असे. पोळी खिडकीपुढे धरली की तिच्यातून टेकडीवरचे सान लूकाचे मंदिर दिसले पाहिजे, असे तिथे म्हणतात. माझ्या पोळीतून दोन वर्षांत खिडकीची चौकटसुद्धा दिसली नाही.

लाकडाच्या फळीचा आग्रह हौसेपोटी नसतो. संगमरवरावर किंवा यंत्रात लाटलेली पोळी गुळगुळीत होते, लाकडावरची किंचित खरखरीत राहते आणि त्या खरखरीवर रस्सा धरून राहतो. पोळी थोडी सुकली की सैलसर गुंडाळी करून सुरीने पट्ट्या कापतात, त्याच तालियातेल्ले. शिजल्यावर पट्टीची रुंदी आठ मिलिमीटर असावी, अशी नोंद १९७२ साली बोलोन्याच्या व्यापारी मंडळात रीतसर केलेली आहे आणि त्या मापाची सोन्याची पट्टीही तिथे ठेवलेली आहे. तोर्तेल्लीनी, म्हणजे सारण भरून वळलेला छोटा पास्ता, त्याच्या सारणाची नोंद १९७४ सालची. त्यात डुकराचे मांस आणि त्याचेच प्रोशुत्तो व मोर्तादेल्ला हे प्रकार असल्याने शाकाहारी मंडळींनी आकाराने मोठ्या 'तोर्तेल्लोनी' मागाव्यात. त्यांत बहुधा रिकोत्ता चीज आणि हिरवा पाला असतो, तरी पोळी अंड्याचीच असते.

सासूबाईंसाठी माझे मत सिएनाकडे झुकते. तिथली 'पिची' पीठ, पाणी, मीठ आणि थोडे ऑलिव्ह तेल यांची करतात आणि एकेक दोरी तळहाताने फळीवर वळतात. ज्यांनी हातशेवया किंवा बोटवे वळले आहेत त्यांना हे काम समजावून सांगावे लागत नाही. काही घरांत पिचीतही एखादे अंडे घालतात, म्हणून आधी विचारून घ्या. फ्लॉरेन्सहून सिएना बसने साधारण सव्वा तासावर आहे.

भटकंती_६७

निगुतीताईंशी सहमत आहे. घर ओळखण्याबद्दल माझा अनुभव लिहितो, कारण मी फसलो आहे.

फ्लॉरेन्समध्ये आम्ही 'आजीच्या घरी पास्ता' असे वाचून एका ठिकाणी पैसे भरले. प्रत्यक्षात ते तळमजल्यावरचे भाड्याचे दालन निघाले. आमच्यासह अठरा माणसे होती, प्रत्येकापुढे आधीच मळून ठेवलेला पिठाचा गोळा होता आणि टेबलांच्या कडांना लाटण्याची यंत्रे बसवलेली होती. आजी होत्या, पण भिंतीवरच्या छायाचित्रात. पास्ता चवीला वाईट नव्हता, एवढे मान्य करतो.

दुसऱ्या वेळी, २०२३ च्या मे महिन्यात, बोलोन्यात मी पैसे भरण्याआधी पत्राने तीन गोष्टी विचारल्या : त्या वेळी एकूण किती माणसे असतील, पीठ आम्ही मळायचे की तयार मिळेल, आणि जेवायला घरातले कोण आमच्याबरोबर बसेल. शेवटच्या प्रश्नाला उत्तर आले की मुलगा एक वाजता कामावरून येईल, त्याला थांबावे लागेल, चालेल ना. तेव्हाच खात्री पटली. आम्हाला माणशी ८० युरो पडले, त्यात साडेतीन तास, जेवण आणि वाइन आले. घरगुती स्वयंपाक करणाऱ्यांचे 'चेझारीने' नावाचे जाळे २००४ साली बोलोन्यातच सुरू झाले आणि आता देशभर पसरले आहे. शोधाची सुरुवात तिथून करता येईल, पण तिथेही हे प्रश्न विचाराच.

मिलानवासी

एक मुद्दा राहिला आहे. पास्त्यावर किसून घालतात ते पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या अर्काने, विरजतात आणि त्याच्या नियमानुसार दुसरे काही वापरता येत नाही. इथे शाकाहारी म्हटले की मांस आणि मासे वगळतात, चीजचा विचार कोणाच्या मनातही येत नाही. सासूबाई हे पाळत असतील तर 'शाकाहारी' एवढ्यावर न थांबता अंडे नको, मांसाचे पाणी नको आणि किसलेले चीज ताटात वरून नको, असे वेगवेगळे लिहा. पिचीबरोबर टोमॅटो आणि 'आल्योने' नावाच्या मोठ्या, सौम्य लसणाचा रस्सा करतात किंवा तेलात परतलेला पावाचा चुरा घालतात. दोन्ही चीजशिवाय उत्तम लागतात.

यजमानांसाठी काही न्यायचे असेल तर पेढे आणि बर्फी नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ आत आणायला मनाई आहे. फुले न्यायची झाली तर शेवंती टाळा, ती इथे स्मशानात वाहतात. हातातल्या अंगठ्या आणि बांगड्या मुक्कामावरच काढून ठेवा, कारण पिठात अडकलेली बांगडी मी पाहिली आहे.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. रोममधला एक दिवस कमी करून सिएनाला एक रात्र राहायचे ठरवले आहे. मी आणि नवरा बोलोन्यात सकाळी शिकू. सासूबाई त्या वेळी काय करतील, हा प्रश्न त्यांनीच सोडवला : मी पाहीन, पण हात लावणार नाही. सिएनाला मात्र तिघेही पिची वळू. तिथल्या एका बाईंना तुमचे सगळे प्रश्न पाठवले. चारच माणसे असतील, पिठात अंडे नसेल आणि त्यांची मुलगी इंग्रजीतून सांगेल, असे उत्तर आले आहे. सासूबाईंनी उलट विचारले की त्यांना नखुल्या दाखवल्या तर चालेल का. लग्नाच्या रुखवतासाठी वळवट करताना त्यांनी परातीच्या परात भरून केल्या आहेत.

आता एकच शंका उरली. ते लांब लाटणे इथे आणता येते का? आणि इथल्या पिठात हे जमते का?

निगुती

नखुल्या अवश्य दाखवा, आणि रवा तिथलाच घ्या. ओरेकिएत्ते करताना सुरीने गोळी ओढून अंगठ्यावर उलटवतात आणि नखुलीत नखाने दाबतात, एवढाच फरक त्यांना दिसेल.

इथे परतल्यावर अंड्याच्या पास्त्याला साधा मैदा चालतो. एकदा मळून अर्धा तास झाकून ठेवा, आणि आपल्या हवेत अंड्याच्या आकारानुसार पीठ थोडे कमीजास्त करावे लागते. बिनअंड्याच्या प्रकारांसाठी बन्सी गव्हाचा बारीक रवा दळून घ्या, कारण बन्सी हा आपल्याकडचा ड्युरमच आहे. पास्ता शिजवायच्या पाण्यात तेल घालू नका, लिटरला दहा ग्रॅम मीठ घाला, आणि ताज्या तालियातेल्ले दोन-तीन मिनिटांत काढा.

लाटण्याचे सांगायचे तर ते विमानात हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत. मी माझे मोठ्या बॅगेत तिरके ठेवून पाहिले, तरी चार बोटे बाहेर राहिले, म्हणून शेजारणीलाच देऊन आले. आता मी एका वेळी एकाच अंड्याचे पीठ मळते आणि घरच्या पोळपाटावर त्याच्या दोन पोळ्या लाटते.