इंजिनाआधी पत्रा बघा

वडिलांच्या १९७८च्या प्रीमियर पद्मिनी गाडीत मारुतीचं इंजिन बसवावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, बसवू नका. पद्मिनीचं मूळ १०८९ सीसीचं इंजिन अगदी साधं आहे, बॉनेट उघडलं की सगळं हाताशी येतं. शिवाय इंजिन बदललं की आरटीओची परवानगी, आरसी बुकात नोंद हे सगळं आलंच.

त्याआधी पत्रा बघा. मी माझी गाडी घरी उघडली तेव्हा मॅटिंग उचलून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळा तळ ठोकत गेलो. टणटण वाजलं तिथे पत्रा शाबूत, बद्द आवाज आला तिथे आधीच्या कोणीतरी भरलेली पुट्टी. ड्रायव्हरच्या दाराखाली तर स्क्रूड्रायव्हरचं टोक टोचलं तेव्हा ते आरपार गेलं! नुसती पुट्टी भरून रंग मारलात तर पुढच्या पावसाळ्यात तो फुगणारच. सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्या, आणि वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा सोडवून पेट्रोलची टाकी उतरवा. यात हयगय नको.

बदल करायचाच तर गाडीसाठी वीज तयार करणाऱ्या जुन्या डायनामोच्या जागी अल्टरनेटर घाला. पावसात वायपर आणि हेडलाइट एकदम लावले तरी दिवे मंदावत नाहीत. काढलेला डायनामो मात्र जपून ठेवा. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, त्यामुळे व्हील सिलिंडरची, म्हणजे चाकातले ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरची, रबरं न बघता सगळी बदला. आणि स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा कृपा करून खाली फ्लोअरवर आणू नका, त्या गाडीची ओळखच ती आहे.

तळाचे फोटो टाका, कुठे कापायचं ते सांगतो.