धुऱ्यावरचं काँग्रेस गवत सोयाबीन दाबतंय का?

निलंग्याचा_गडी: राम राम मंडळी. दोन एकर सोयाबीन आहे, काळी जमीन. दोन कोळपण्या एक खुरपणी झाली, वावरात तणाचं नाव नाही. पण गायरानाकडच्या धुऱ्याला (बांधाला) लागून सोयाबीनची चार-पाच तासं (ओळी) अशी खुरटलीत की बाकीचं मांडीला लागतंय अन् हे गुडघ्याच्या खालीच. धुऱ्यावर काँग्रेस (गाजरगवत) छातीएवढं वाढलंय. आबा म्हणतात सावली पडती, पण सावली सकाळचा तासभर, त्यानं एवढं होतं का? अन् गायरानात आधी पवना, मारवेल असं चाऱ्याचं गवत असायचं म्हणे, आता आमच्या शेळ्या नुसत्या माना वर करून उभ्या असतात, खायचं काय?

परभणीकर: भाऊ सावली नाही, त्याचा रस. गाजरगवताच्या पानात, फुलात, मुळात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, पावसानं धुऊन अन् पाला कुजून ते जमिनीत उतरतं, मग शेजारचं बी नीट उगवत नाही अन् रोपाची मुळी आखडते. सोयाबीनसारख्या शेंगवर्गीय पिकाच्या मुळावर गाठी असतात, त्यातल्या नत्र देणाऱ्या जिवाणूंना पण त्याचा त्रास होतो. एक काम करा, धुऱ्याजवळचं एक झाड अन् मधलं एक झाड खुरप्यानं मातीसकट काढा (उपटू नका, गाठी मातीतच राहतात), बादलीत धुवा अन् गाठी मोजा. एखादी फोडून बघा, आतून गुलाबी असली तर काम चालू आहे.

कोळपं_आणि_कासरा: लगेच काँग्रेसवर ढकलू नका राव. ट्रॅक्टर कुठं वळवता? धुऱ्यालाच ना? मग तिथली जमीन दाबली जाणारच. अन् शेंड्याची पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं असलं तर ते लोहाची कमतरता, आपल्या चुनखडीच्या रानात पाणी साचलं की होतंच. आमच्याकडं सगळं खापर गवतावर फोडलं अन् नंतर कळलं की पाणी तुंबलं होतं.

मांजराकाठचे_काका: दोघांचं बरोबर असेल, पण एक गोष्ट कोणी बोलंना. लातूर-उस्मानाबादकडं किती सूर्यफूल असायचं आठवतं का? पुढं शेंडा काळा पडून वाकडा व्हायचा, फूल पिळवटायचं, तो नेक्रोसिस. त्याचा विषाणू काँग्रेसमध्ये राहतो, झाड मात्र वरून ठणठणीत, अन् फुलकिडे त्याचे परागकण घेऊन पिकावर जातात. सूर्यफूल त्याच एका कारणानं गेलं असं नाही, पडलेल्या बाजारभावानं पण मारलं. कपाशीचा पिठ्या ढेकूण पण ह्याच गवतावर तग धरतो. म्हणून म्हणतो, वावरातलं तण आपण निंदतो, धुऱ्यावरचं कोणाचंच नसतं.

बालाघाटची_ताई: गायरानाचं सांगते. जनावर ते गवत खात नाही अन् बाकीचं चरून टाकतं, मग मोकळी जागा त्यालाच मिळते. एका झाडाला हजारोंनी बी, मोठ्या झाडाला १०-१५ हजार सहज. आम्ही बचत गटाच्या बायकांनी पहिल्या पावसानंतर फुलं यायच्या आत उपटून खड्ड्यात शेणासोबत कुजवलं, अन् तिथं तरोट्याचं (टाकळ्याचं) बी फेकलं. तरोटा दाट आला की काँग्रेसला जागा मिळत नाही. तरोटा पण गुरं खात नाहीत, म्हणून सगळीकडं नको, निम्म्यात मारवेलची ठोंबं लावा अन् एक पावसाळा गुरं आत सोडू नका. काँग्रेसची पानं खाणारा मेक्सिकन भुंगा पण सोडतात, हेक्टरी ५०० म्हणतात, कृषी विद्यापीठात विचारा. पण तो पावसाळ्यातच खातो, उन्हाळ्यात जमिनीत जाऊन बसतो. हातमोजे घाला, माझ्या जावेचे हात कोपरापर्यंत सोलले होते.

निलंग्याचा_गडी: सगळ्यांचे आभार. काल झाडं काढून धुतली. धुऱ्याजवळच्याला सात गाठी अन् त्या पण ज्वारीच्या दाण्याएवढ्या, मधल्याला तीसच्या वर मोजून सोडून दिल्या. पानं पिवळी नाहीत. पण कोळपंवाले भाऊ, तुमचं पण खरं निघालं, धुऱ्याला कुदळ लवकर जाईना, ट्रॅक्टर तिथंच वळतो. आज सकाळी उठून बघतो तर आबांनी धुऱ्यावरचं सगळं काँग्रेस उपटून काढलेलं, मला लई बरं वाटलं. टाकलं कुठं विचारलं तर म्हणे गायरानात. फुलासकट.

बालाघाटची_ताई: अरे देवा. आजच गोळा करा भाऊ, उपटलं तरी त्यातलं बी पिकतं.